झाडावर जन्मणारी बदके : ओळख आणि निरीक्षण

(खंडाळा, जि. सातारा येथील प्राथमिक शिक्षकांच्या गटसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



परिसर अभ्यासाच्या तासाला आपण एक प्रश्न हमखास विचारतो : "बदक कोठे राहते?" उत्तरही ठरलेले असते : "पाण्यात." या उत्तरात चूक काही नाही. परंतु त्याच्या पुढचा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. बदकाचा जन्म कोठे होतो? कोणी विचारलाच, तर "पाण्याकाठच्या गवतात" असे उत्तर येते व आपण त्यापुढे बरोबरची खूण करतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने "झाडावर" असे लिहिले, तर काय होईल? बहुधा आपली लाल शाई त्या शब्दावरून फिरेल, आणि वर्गात थोडे हसेही होईल. वस्तुस्थिती अशी आहे की महाराष्ट्रात आढळणाऱ्या निदान तीन बदकांच्या बाबतीत त्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आहे. ही तीन बदके ओळखावी कशी, झाडाशी त्यांचे नाते काय, आणि या ज्ञानाचा आपल्या शाळांना उपयोग कोणता, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपला खंडाळा तालुका पर्जन्यछायेतला. दक्षिणेस खंबाटकीचा डोंगर आणि उत्तरेस नीरा नदी अशी त्याची सर्वसाधारण बांधणी आहे. नीरेवरील वीर धरणाचा जलाशय शिरवळच्या बाजूने आपल्या हद्दीला लागलेला आहे. याखेरीज गावोगावी लहान पाझर तलाव आहेत. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतरच्या रोजगार हमीच्या कामांत महाराष्ट्रात असे पुष्कळ तलाव झाले. तेव्हा पाणपक्षी पाहण्यासाठी आपल्या मुलांना दूरच्या अभयारण्यात नेलेच पाहिजे असे नाही. शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पाणी आहे, आणि पाण्यावर पक्षी आहेत.

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे दिसणाऱ्या बदकांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाहुण्यांचा. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदके हिवाळ्यात उत्तरेकडून येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. संस्कृत कवींनी ज्याच्या विरहाची वर्णने केली, तो चक्रवाक लडाख आणि तिबेटच्या उंच प्रदेशांत अंडी घालतो. आपल्याकडे तो केवळ थंडीचे महिने काढतो. या पाहुण्यांचे घरटे आपल्या मुलांना दिसणे शक्य नाही. दुसरा वर्ग रहिवाशांचा. ही बदके येथेच राहतात आणि पावसाळ्यात येथेच वीण घालतात. त्यांपैकी हळदी-कुंकू बदक आपणांस परिचित आहे. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके, यावरून आपल्या पूर्वजांनी त्याला किती समर्पक नाव दिले आहे! हे बदक मात्र जमिनीवर, पाण्याजवळच्या गवतात घरटे करते. पुस्तकातले सर्वसाधारण उत्तर त्याला लागू पडते.

आता झाडावर जन्मणाऱ्या तीन बदकांकडे वळू.

पहिले काणूक. जगातील अगदी लहान बदकांत याची गणना होते. याची लांबी सुमारे २६ सेंटिमीटर, म्हणजे कबुतरापेक्षाही कमी. चोच आखूड आणि मुळाशी उंच, काहीशी हंसाच्या चोचीसारखी. विणीच्या काळात नराचे रूप फार देखणे असते : मस्तक काळपट, चेहरा, मान आणि पोट शुभ्र, गळ्याभोवती काळी चकचकीत पट्टी, आणि पाठीवर हिरव्या रंगाची झाक. उडताना त्याच्या पंखांतील पांढरा पट्टा लांबूनही डोळ्यांत भरतो. मादी मात्र साधी, तपकिरी. तिच्या डोळ्यातून गेलेली गडद रेघ हीच तिची ठळक खूण. वीण संपली की नराची गळपट्टी नाहीशी होते आणि तो मादीसारखा दिसू लागतो. परंतु पंखांतला पांढरा पट्टा तेव्हाही कायम राहतो. त्यामुळे पक्षी उडेपर्यंत धीर धरणाऱ्यालाच त्या ऋतूत नर-मादी ओळखता येतात. काणूक खोल, मोकळ्या पाण्यापेक्षा कमळे, शिंगाडे आणि पाणवनस्पती यांनी झाकलेली लहान तळी पसंत करते. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत जुन्या मालगुजारांनी बांधलेले जे तलाव आहेत, ते त्याला विशेष मानवतात. भारतापासून आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा प्रसार आहे.

दुसरी अडई. ही काणूकपेक्षा बरीच मोठी, सुमारे ४२ सेंटिमीटर लांब. रंग विटकरी-तपकिरी, मान व पाय लांब. हिची खरी ओळख डोळ्यांपेक्षा कानांना अगोदर पटते, कारण ती उडताना सतत दोन सुरांची बारीक शीळ घालते. संध्याकाळच्या अंधारात डोक्यावरून शीळ घालीत जाणारा थवा दिसला की तो बहुतकरून अडईचा समजावा. तिची आणखी एक सवय म्हणजे ती झाडाच्या फांदीवर सहज बसते. शास्त्रज्ञांनी तिच्या गणाला 'डेंड्रोसिग्ना' हे नाव दिले आहे. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ होतो 'झाडावरचा हंस'. ती झाडाच्या ढोलीत अंडी घालते, कधी कावळ्याचे किंवा घारीचे जुने, सोडलेले घरटे वापरते, आणि क्वचित पाण्याकाठच्या लव्हाळ्यातही घरटे करते.

तिसरा नकटा. मराठीत ज्याला नाक नाही त्याला आपण नकटा म्हणतो. या बदकाच्या नराला तर गरजेपेक्षा अधिक नाक आहे! त्याच्या चोचीवर काळा मांसल उंचवटा असतो आणि विणीच्या दिवसांत तो अधिकच फुगतो. हे मोठे बदक असून नर पाऊण मीटरपर्यंत लांब भरतो. डोके व मान पांढरी, त्यांवर काळे ठिपके. पाठ लांबून काळी दिसते, पण सूर्यप्रकाशात तिच्यावर निळी, हिरवी व जांभळी चमक उठते. मादी लहान असते आणि तिच्या चोचीवर उंचवटा नसतो.

या तीन जातींपैकी कोणती आपल्या गावच्या तळ्यावर येते, कोणत्या महिन्यात येते आणि किती दिवस राहते, हे पुस्तकाने सांगण्याची वाट पाहू नये. ते आपल्या शाळेच्या नोंदवहीने सांगावे. त्यासाठी ओळखण्याची पद्धत मात्र शिस्तीची हवी.

मुलांना रंगाचे आकर्षण फार. पक्षी दिसला की "काळा होता", "हिरवा होता" एवढेच ती सांगतात. रंग महत्त्वाचा आहे, पण तो सर्वांत फसवा पुरावा आहे. काणूक किंवा नकटा यांच्या पाठीवरची हिरवी-जांभळी झाक ही कापडाला दिलेल्या रंगासारखी नसते. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना ती दिसते. मोरपीस हातात फिरवून पाहिले की हे चटकन समजते. म्हणून सूर्य आपल्या पाठीशी ठेवून पक्षी पाहावा. सूर्याकडे तोंड करून पाहिल्यास रंगीत बदकही कोळशासारखे काळे दिसते.

तेव्हा निरीक्षणाचा क्रम असा ठेवावा. प्रथम आकारमान : पक्षी कबुतराएवढा आहे, कोंबडीएवढा आहे, की त्याहून मोठा? दुसरे, चोच : चपटी, टोकदार की आखूड? तिसरे, वागणूक : तो बुडी मारतो, पाण्यावर डोके घालून चरतो, की फांदीवर बसतो? चौथे, उड्डाण : पंख गोलसर की निमुळते, आणि त्यांवर पांढरे काही दिसते का? पाचवे, आवाज. सहावा रंग. आणि सातवी गोष्ट म्हणजे तारीख व वेळ, कारण ऋतूवाचून नोंद अपुरी राहते.

हा क्रम पाळल्यास बहुतेक घोटाळे टळतात. उदाहरणार्थ, लहानपणामुळे टिबुकलीला काणूक समजले जाण्याचा संभव आहे. परंतु टिबुकली सारखी बुडी मारते व तिची चोच टोकदार असते; काणूक क्वचितच बुडी मारते व पृष्ठभागावरच चरते. काळ्या अंगाचा व पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी, ज्याला चांदवा असेही म्हणतात, तो तर बदकच नव्हे. त्याच्या पायांची बोटे बदकासारख्या सलग पडद्याने जोडलेली नसून प्रत्येक बोटाला वेगळ्या पाळी असतात. खेड्यांत या सर्वांना सरसकट 'पाणकोंबडी' म्हणण्याची रीत आहे. ती चूक म्हणून झिडकारू नये. घरातील वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक पक्ष्याचे बोलीतले नाव विचारून आणण्यास मुलांना सांगावे व पुस्तकी नावाशेजारी ते लिहावे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत असताना रानातल्या माणसांकडून अशीच नावे जमविली आणि मराठीचा शब्दसंग्रह वाढविला, हे आपणांस ठाऊक आहेच.

येथवर ओळखीचा भाग झाला. परंतु नाव सांगता आले म्हणजे पक्षी समजला असे होत नाही. आता त्याच्या जीवनक्रमातील सर्वांत नवलाचा भाग पाहू.

काणूकची वीण पावसाळ्यात, मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात होते. पाण्यात किंवा पाण्याजवळ उभ्या असलेल्या जुन्या झाडाच्या खोडातील नैसर्गिक ढोली मादी निवडते. क्वचित पडक्या इमारतीच्या भिंतीतले भोकही तिला चालते. तेथे ती साधारणपणे ६ ते १२ अंडी घालते. अंडी हस्तिदंती पांढरी असतात. पोपट, घुबड, सुतार यांची अंडीही पांढरीच असतात. ढोलीच्या अंधारात अंडी लपविण्यासाठी रंगाची गरज पडत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीची अंडी याउलट मातीच्या रंगाची व ठिपकेदार असतात. ही तुलना वर्गात अवश्य करावी, कारण तीत 'का' या प्रश्नाचे उत्तर आहे.

जमीन सोडून झाडावर जाण्याचे कारणही असेच समजून घेता येते. पावसाळ्यात ओढ्याला अचानक पूर येतो व काठचे गवत बुडते. कोल्हा, मुंगूस आणि गावातील कुत्री जमिनीवरची घरटी शोधून काढतात. ढोलीत या संकटांपासून पुष्कळ संरक्षण मिळते. परंतु प्रत्येक सोयीची काही किंमत असते, आणि ही किंमत पिल्लांना पहिल्याच दिवसात द्यावी लागते.

बदकाचे पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखे उघडे व आंधळे जन्मत नाही. अंड्यातून बाहेर येताच त्याचे डोळे उघडे असतात, अंगावर लव असते, पाय चालते असतात. आई त्याला घरट्यात भरवीत नाही. त्याने स्वतःच पाण्यावर जाऊन खायचे असते. पण पाणी खाली आणि पिल्लू वर! पंख तर अद्याप फुटलेले नाहीत. यावर निसर्गाने शोधलेला उपाय एकच आहे : उडी. आई खाली उतरून हाक देते. पिल्ले ढोलीच्या आतल्या भिंतीला नख्या रोवून तोंडाशी चढतात व एकामागून एक खाली झेप घेतात. वजन अत्यंत कमी, अंगावर मऊ लव आणि हाडे लवचिक. त्यामुळे पाण्यावर किंवा पालापाचोळ्यावर आदळून ती उसळतात, उठतात व आईमागे चालू लागतात. आई पिल्लांना चोचीत धरून खाली आणते, अशी समजूत पूर्वी प्रचलित होती. परंतु अमेरिकेत 'वुड डक' नावाच्या अशाच ढोलीत जन्मणाऱ्या बदकावर दीर्घकाळ निरीक्षणे झाली आहेत, आणि तेथे पिल्ले ५० फुटांहून अधिक उंचीवरून स्वतः उडी घेऊन सुखरूप राहतात असे आढळले आहे.

या वुड डकचा इतिहास आपल्यालाही बोध देणारा आहे. उत्तर अमेरिकेतील या बदकाचा नर इतका रंगीबेरंगी आहे की पिसांसाठी व मांसासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. त्याच काळात नदीकाठची जुनी अरण्ये तोडली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी हे बदक नामशेष होते की काय, अशी भीती निर्माण झाली. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला व शिकारीला आळा बसला. परंतु शिकार थांबली तरी घरटे कोठे करायचे? जुनी झाडे तर गेली होती. म्हणून १९३० नंतरच्या दशकात पाण्याकाठी लाकडी पेट्या बसविण्यास सुरुवात झाली. त्या पेट्यांत मादी अंडी घालू लागली. हळूहळू जंगलेही वाढली, आणि आज ते बदक तेथे विपुल आहे. शिकारीचा कायदा आणि घरट्याची जागा या दोन्हींची सोय व्हावी लागली, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट.

त्याचेच आशियातील भावंड म्हणजे मँडरिन बदक. नराच्या पाठीवर नारिंगी शिडांसारखी दोन पिसे उभी असतात. चीन व जपान या देशांत हे जोडपे दांपत्यप्रेमाचे प्रतीक मानले जाते. हेही झाडाच्या ढोलीतच वीण घालते. आसामात तिनसुकिया भागात १९०२ साली त्याची नोंद झाली होती; त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये ते तेथील मागुरी-मोटापुंग बिलात पुन्हा दिसले आणि देशभरच्या वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे आली. एका पाहुण्याचे एवढे कौतुक झाले ते योग्यच. परंतु ११८ वर्षांनी आलेल्या पाहुण्याची बातमी आपण वाचतो आणि दर पावसाळ्यात आपल्याच मुलखात वीण घालणाऱ्या काणूकचे नावही आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, हे बरोबर नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काणूक किंवा नकटा यांना स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतार पक्षी कोरतो ती भोके बहुधा त्यांना लहान पडतात. त्यांना हवी असते ती वाऱ्याने फांदी मोडून, त्या जागी वर्षानुवर्षे लाकूड कुजून झालेली मोठी पोकळी. अशी पोकळी होण्यास झाड जुने व्हावे लागते. त्याला कित्येक दशके लागतात. त्याच पोकळीवर पोपट, साळुंकी, पिंगळा हेही हक्क सांगत असतात. अर्थात ढोलीचे झाड ही गावातील सर्वांत दुर्मीळ जागा आहे.

आणि व्यवहारात आपण पहिली कुऱ्हाड याच झाडावर घालतो. "झाड आतून पोकळ झाले, आता काय कामाचे? जळणाला द्या", असे म्हटले जाते. रस्ता रुंद करताना कडेचे वड व आंबे पडतात. त्यांच्या जागी आपण रोपे लावतो, मुलांकडून प्रतिज्ञा घेतो, छायाचित्र काढतो. वृक्षारोपण अवश्य करावे. पण आज लावलेल्या रोपात काणूकला राहण्याजोगी ढोली पाहण्यास आजचा पहिलीचा विद्यार्थी आजोबा झालेला असेल. रोपाने सावलीची भरपाई वीस वर्षांत होईल. ढोलीची होणार नाही. आपल्या तालुक्यासारख्या भागात आणखी एक अडचण आहे. पाझर तलाव नवे आहेत, त्यांच्या काठी बहुधा बाभळी वाढलेल्या असतात. जुने वड, पिंपळ, चिंचा मात्र गावठाणात, देवळापाशी, ओढ्याकाठी उभे आहेत. पाणी एकीकडे व ढोली दुसरीकडे अशी ही स्थिती आहे. म्हणून पाण्याच्या जवळ जे थोडे जुने झाड उरले असेल, त्याचे मोल फार आहे.

आपल्या पूर्वजांनी ही झाडे एका वेगळ्या वाटेने राखली. पिंपळावर मुंजा असतो, देवराईतली काडी घरी नेऊ नये, पाराचा वड तोडू नये, अशा समजुतींनी कुऱ्हाड थांबत असे. आज भीतीचा तो धाक ओसरला आहे, आणि विज्ञान शिकविणाऱ्या आपण तो पुन्हा निर्माण करावा असेही नाही. परंतु धाक गेला त्या जागी ज्ञान आले पाहिजे. मुंज्याच्या भीतीने जे झाड वाचले, ते काणूकच्या ओळखीने वाचावे. हे काम शाळेखेरीज दुसरे कोण करणार?

यासाठी मी चार सूचना मांडतो. त्यांना खर्च लागत नाही व वेगळा तासही लागत नाही.

पहिली सूचना ढोलींच्या नोंदवहीची. तळे किंवा ओढा यांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असलेल्या जुन्या झाडांची यादी पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांनी करावी. झाडाचे नाव, छातीच्या उंचीवर दोरीने मोजलेला घेर, ढोली आहे की नाही, असल्यास अंदाजे उंची, आणि तेथे कोणता पक्षी ये-जा करतो, एवढे रकाने पुरेत. घेरावरून व्यास काढणे हे गणित झाले, झाडांचा नकाशा हा भूगोल झाला, आणि निरीक्षणाचे वर्णन ही भाषा झाली.

दुसरी सूचना वेळेची. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा व १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या सप्ताहात पाहुणी बदके दिसू लागतात हे खरे. परंतु झाडावर जन्मणाऱ्या बदकांची वीण तोवर बहुतेक आटोपलेली असते. शाळा जूनमध्ये उघडतात व वीण पावसाबरोबर सुरू होते, हा योग साधून जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणाहून अर्धा तास निरीक्षण करावे. पक्षी न दिसल्यास "आज दिसला नाही" अशीही नोंद करावी. तीही नोंदच आहे.

तिसरी सूचना मर्यादेची. ढोलीत हात घालू नये, झाडावर चढू नये, अंडी वा घरटी शाळेच्या संग्रहासाठी आणू नयेत. पूर्वी शाळांच्या कपाटात कापसावर मांडलेली अंडी असत. ती प्रथा आता सर्वस्वी सोडली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्षी मारणे, त्यांची अंडी काढणे वा घरटी मोडणे हा गुन्हा आहे. याशिवाय ढोलीत नाग-धामणही असू शकतात व भरलेले तळे केव्हाही धोक्याचे, हे ध्यानात ठेवून मुलांना काठापासून दूर व शिक्षकांच्या नजरेसमोर ठेवावे.

चौथी सूचना ग्रामपंचायतीविषयी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही असावयाची आहे. शाळेने केलेली जुन्या झाडांची यादी वर्षाअखेर त्या समितीस सादर करावी व नोंदवहीत तिचा समावेश करण्याची विनंती करावी. झाड तोडण्याचा प्रश्न उपस्थित होईल तेव्हा "हे झाड नुसते पोकळ नाही, यात अमुक वर्षी अमुक पक्ष्याची वीण झाली" असे कागदावर दाखविता आले, तर बोलण्याला वजन येते.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. आपल्या वर्गात मेंढपाळांची मुले असतात, ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील असतात, जलाशयावर मासेमारी करणाऱ्यांच्या घरची असतात. वाचनात ती पुष्कळदा मागे पडतात व वर्गात गप्प बसतात. पण कोणत्या झाडाच्या ढोलीतून कोणता पक्षी निघतो, पहाटे तळ्यावर कोण उतरते, कोणाची शीळ कशी असते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. या विषयात ती पुढे आणि आपण मागे आहोत. त्यांच्या उत्तरावर लाल रेघ मारण्यापूर्वी आपण "तू हे कोठे पाहिलेस? आम्हाला दाखवशील का?" एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर खोटे असेल तर झाडापाशी गेल्यावर ते त्या मुलालाच कळेल. खरे असेल तर संबंध वर्गाला एक नवीन गोष्ट कळेल, आणि ज्याला आजवर काही येत नाही असे सर्वांना वाटत होते, त्या मुलाला आपल्यालाही काही येते हे प्रथमच समजेल. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांच्यासाठी ते उघडणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. येथील शिक्षकांना यापेक्षा अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

येत्या जूनपासून प्रत्येक केंद्रातील निदान दोन शाळांनी ढोलींची नोंदवही सुरू करावी व दिवाळीच्या सुटीपूर्वी तिची एक प्रत केंद्रप्रमुखांकडे द्यावी, अशी विनंती करतो. नोंदी थोड्या असल्या तरी चालतील, परंतु त्या डोळ्यांनी पाहिलेल्या असाव्यात.